आमचे सदलगा : वस्ती आणि दळणवळण

यंदाच्या स्मरणिकेसाठी आपापल्या गावाविषयी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली तेव्हा प्रथम मी ती टाळलीच. भुसार मालाच्या व्यापाऱ्याचा हात कीर्द-खतावणीत चालतो. लेख लिहिण्याचा सराव त्यास नसतो. मॅट्रिक झाल्यानंतर माझ्या हातून जे लेखन झाले ते पावत्या, बिल्ट्या आणि परगावच्या पेढ्यांना पाठविलेली भावाची पत्रे, एवढेच. परंतु जुन्या स्मरणिका चाळताना असे आढळले की, मोठ्या पेठांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या लहान गावांच्या जिवावर त्या पेठा चालतात त्यांची दखल क्वचितच कोणी घेतली आहे. म्हणून हे धाडस करीत आहे. उणेअधिक वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सदलगा हे बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी तालुक्यातील, दूधगंगेच्या काठचे गाव. दूधगंगा सह्याद्रीत उगम पावते, राधानगरी व कागलच्या बाजूने खाली येते, भोज गावाजवळ वेदगंगेस आपल्यात सामावून घेते आणि सदलग्यावरून पुढे जाऊन कृष्णेस मिळते. नदीपलीकडची काही गावे कर्नाटकात, काही महाराष्ट्रात. बोरगाव कर्नाटकाचे, तर दत्तवाड शिरोळ तालुक्यातले, म्हणजे महाराष्ट्राचे. परक्या माणसास हे समजावून सांगणे कठीण जाते. नदी हीच हद्द असती तर गोष्ट सोपी होती. पण आमच्याकडे हद्द शेताच्या बांधावरून, ओढ्यावरून, कोठे कोठे रस्त्याच्या मधूनही जाते.

गावाच्या दक्षिणेस वीस-बावीस किलोमीटरवर चिकोडी. नैर्ऋत्येस त्याहून थोडी दूर निपाणी. उत्तरेस वीस किलोमीटरच्या आसपास इचलकरंजी, आणि ईशान्येस कुरुंदवाडवरून मिरज. जिल्ह्याचे ठिकाण बेळगाव मात्र नव्वद किलोमीटरच्याही पुढे. म्हणजे सातबाऱ्याचे, कोर्टाचे, दाखल्याचे काम दक्षिणेस, आणि कापड, सूत, यंत्राचे सुटे भाग, इस्पितळ व रोजगार उत्तरेस. सदलग्याच्या दळणवळणाचे सारे दुखणे या एका गोष्टीत आहे. माझ्या वडिलांच्या वेळी असे नव्हते. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातच होता. त्या दिवशी तो म्हैसूर राज्यात गेला आणि 1973 मध्ये त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले. पुढे 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला, 1967 मध्ये त्याचा अहवाल आला, 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वादात शिरण्याची ही जागा नव्हे आणि माझा तो अधिकारही नव्हे. मी जे सांगणार आहे ते पोत्यांविषयी आणि गाड्यांविषयी.

आधी वस्तीचे पाहू. 2001 च्या जनगणनेत सदलग्याची लोकसंख्या 20,000 च्या थोडी वर होती, 2011 मध्ये ती 23,000 च्या पुढे गेली. 2021 ची गणना महामारीमुळे लांबणीवर पडली. जनगणनेच्या कोष्टकात आमचे गाव शहरांत मोजले जाते. प्रत्यक्षात पहाटे चारला गोठ्यात दिवा लागतो आणि दिवसाची वर्दळ उसाच्या व भाजीच्या गाड्यांनी सुरू होते. शहर म्हणावे तर शेणाचा वास आहे, खेडे म्हणावे तर गर्दी फार आहे.

सरकारी आकडे दहा वर्षांनी येतात. भुसार व्यापाऱ्याजवळ गणनेची दुसरी एक रीत आहे आणि ती दर महिन्यास चालते. लहान-थोर धरून माणशी दरमहा दहा किलो धान्य हा आमचा ठोकळ हिशेब. 23,000 माणसांस महिना 2,300 क्विंटल लागले. त्यातील किती रेशनमधून आले, किती शेतकऱ्याच्या घरच्या कणगीतून निघाले आणि किती दुकानातून गेले, यावरून गावाची प्रकृती कळते. माझ्या लहानपणी निम्म्याहून अधिक धान्य घरचे असे. ज्वारी पेवात किंवा कणगीत, तूर-हरभरा मडक्यात, आणि दुकानातून गूळ, मीठ, मिरची, क्वचित गहू. गहू हे सणाचे धान्य होते. पाहुणा आला तर चपाती. एरवी सकाळ-संध्याकाळ भाकरी. आज शेतात ऊस उभा आहे, सोयाबीन आहे, थोडी तंबाखू आहे, आणि भाकरीची ज्वारी विजापूरच्या बाजूने ट्रकने येते. ज्या गावाने शेजारच्या गावांना ज्वारी विकली त्या गावात मी आज ज्वारी आणून विकतो. यात माझा नफा आहे, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे; तरी पहिल्या वर्षी तो नफा खात्यावर मांडताना बरे वाटले नाही.

तांदळाचे वेगळेच. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य ठरले, त्याच वर्षी कर्नाटकात अन्नभाग्य योजना सुरू झाली, आणि भाकरी खाणारे गाव हळूहळू भातावर आले. आता गिऱ्हाईक गंगावती-सिंधनूरचा बारीक तांदूळ मागते. 2022 च्या जुलैपासून पंचवीस किलोपर्यंतच्या बांधीव, शिक्क्याच्या धान्यावर पाच टक्के कर आला. त्याबरोबर गिरणीवाल्यांनी सव्वीस किलोची पिशवी काढली. एका किलोसाठी केवढी ही युक्ती! पण व्यापारी मंडळींना हे काही नवे नाही, आणि यापुढे लिहिण्याची गरजही नाही.

वस्तीच्या घडणीविषयी एक गोष्ट बाहेरच्या वाचकांसाठी नोंदविली पाहिजे. जैन म्हटला की तो व्यापारी, असा समज मुंबई-पुण्याकडे सर्वत्र आहे. आमच्या भागात तो खरा नाही. कर्नाटकातील जैनांची सर्वांत मोठी संख्या बेळगाव जिल्ह्यात आहे आणि तिच्यातील बहुसंख्य पिढीजात शेतकरी आहेत. सदलगा, बोरगाव, बेडकिहाळ, शमनेवाडी, भोज, एकसंबा या पट्ट्यात नांगर धरणारा, पाणी पाजणारा, गाडी हाकणारा माणूस दिगंबर जैन असणे अगदी नेहमीचे. लिंगायत, मराठा, धनगर, मुसलमान, हरिजन व इतर समाज शेजारी-शेजारी राहतात. घरात कन्नड, पेठेत मराठी. हिशेब पुष्कळांचा अजून मराठीत. माझ्या दुकानी एकच गिऱ्हाईक भाव कन्नडमध्ये विचारते, घासाघीस मराठीत करते आणि रागावले म्हणजे पुन्हा कन्नडमध्ये जाते.

याच गावी 10 ऑक्टोबर 1946 रोजी, शरद पौर्णिमेस, आचार्य विद्यासागर महाराजांचा जन्म एका शेतकरी कुटुंबात झाला. येथील कन्नड शाळेत ते शिकले. 1968 मध्ये अजमेर येथे आचार्य ज्ञानसागर महाराजांनी त्यांस मुनिदीक्षा दिली. 18 फेब्रुवारी 2024 रोजी डोंगरगडच्या चंद्रगिरीवर त्यांची समाधी झाली. त्यांच्या चरित्राविषयी अधिकारी व्यक्तींनी लिहिलेच आहे. प्रस्तुत विषयापुरते सांगावयाचे ते हे की, मध्य प्रदेश, राजस्थानाकडचे यात्रेकरू सदलग्याचा शोध घेत येतात, आणि मिरज किंवा कोल्हापूर स्थानकावर उतरल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. सागरकडील एका वृद्ध दांपत्यास मी दुकानाच्या पायरीवर बसवून पाणी दिले तेव्हा गृहस्थ म्हणाले, "सेठजी, आठशे मील आए तो थकान नहीं हुई, आखरी पचास किलोमीटर ने थका दिया." मजजवळ उत्तर नव्हते.

आता वाटांकडे वळू.

माझ्या आठवणीतील पहिली गाडी लाकडी चाकाची. लोखंडी धाव ठोकलेली, दहा-बारा पोत्यांची. पोते त्या काळी शंभर किलोचे. ते पाठीवर घेणारे हमाल मी पाहिले आहेत. चाळिशी उलटण्यापूर्वी त्यांची कंबर गेलेली असे. आज पोते पन्नासाचे व तीसाचे आहे, हा सुधार आमच्या व्यापारातील खरोखरीचा सुधार होय. पुढे रबरी टायरची गाडी आली. तीत जवळजवळ दुप्पट माल बसू लागला, बैलांचा घामही वाचला. निपाणीस तंबाखू घेऊन जाणाऱ्या गाड्या रात्री निघत. उन्हाचा त्रास चुके आणि सकाळी लिलावास माल उभा राही. रात्री गावाबाहेर घुंगुरांचा आवाज दूर जात ऐकू येई, आई सांगे, "गेल्या बघ निपाणीच्या गाड्या, झोप आता."

नदी हा त्या वेळचा खरा नाका. उन्हाळ्यात गाडी पात्रातून जाई. पावसाळ्यात नाव चाले, आणि नावही चालेनाशी झाली म्हणजे गुऱ्हाळातील काहील पाण्यात सोडून माणसे पैलतीरास नेत. काहिलीत बसून नदी ओलांडणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यासच ठाऊक. ती जागच्या जागी फिरते. पोहणारा दोन बाजूंनी धरून ढकलतो. आत बसलेल्याने हालावयाचे नाही. आमचा एक गाडीवान होता. नदीकडे नुसते पाहून तो पाण्याची उंची सांगे. एके वर्षी पलीकडे दहा पोती ज्वारी तातडीने पोहोचवायची होती, लग्नघरचे सांगणे होते. गाडीवान म्हणाला, "सावकार, पाणी चढाय लागलंया. आज गाडी घालू नगासा." अण्णांनी शब्द दिलेला होता, तरी त्यांनी ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी उतारावरचे बाभळीचे झाड पाण्याखाली होते. लग्नघरच्या मंडळींनी पुढे दोन वर्षे आमच्याकडून माल घेतला नाही. अण्णांनी त्याबद्दल गाडीवानास एका शब्दाने दोष दिला नाही.

पाण्यापेक्षा अधिक अडवणूक कागदाची होती. धान्यटंचाईच्या वर्षांत राज्याबाहेर धान्य नेण्यास परवाना लागे. सदलग्याची ज्वारी चिकोडीस नेली तर व्यापार, आणि तीच दत्तवाडास नेली तर गुन्हा. 1972 च्या दुष्काळात हे फार बोचले. मी तेव्हा बारा वर्षांचा. पलीकडच्या महाराष्ट्रात लाल मिलो ज्वारी खाण्याची पाळी आली होती, आणि आमच्या गावच्या लेकी त्या गावांत दिलेल्या. बाप डोक्यावर दोन पायल्या ज्वारीचे गाठोडे घेऊन रात्री नदी उतरे. त्यास चोर म्हणावे काय? कायद्याच्या दृष्टीने तो चोरटी वाहतूक करीत होता. 1973 मध्ये गव्हाचा घाऊक व्यापारच सरकारने ताब्यात घेतला, वर्षभरातच तो सोडून द्यावा लागला; आणि 1977 मध्ये गहू-तांदळाच्या वाहतुकीवरील बंधने उठली तेव्हा आमच्यासारख्यांनी मोकळा श्वास घेतला.

रेल्वे सदलग्यास कधी आली नाही. आमची रेल्वे म्हणजे मिरज. मिरजेस एके काळी तिन्ही रुंदीचे रूळ होते : पुण्याकडची आणि कोल्हापूरकडची मोठी गाडी (1971 पासून), बेळगावकडची मीटरगेज, आणि कुर्डुवाडी-पंढरपूरकडून येणारी बार्शी लाइनची चिमुकली गाडी. उत्तरेकडून आलेला गहू मिरजेस मोठ्या वाघिणीतून उतरवून लहान वाघिणीत भरावा लागे. या उतरवणीत आकडा लागून पोती फाटत. शंभर पोत्यांमागे दोन-तीन किलो नव्हे, कधी कधी अर्धे पोते कमी भरे. 'वाटेत सांडले' हे वाक्य त्या काळच्या सगळ्या पत्रव्यवहारात आढळेल. नव्वदीच्या दशकात बेळगावकडील मार्गही मोठ्या रुळांचा झाला आणि ती उतरवण थांबली. तथापि तोवर आमचा माल ट्रककडे वळला होता. कोल्हापूर-निपाणी-बेळगाव लोहमार्गाची मागणी जुनी आहे. ती मी वडिलांच्या तोंडून ऐकली, माझा मुलगा माझ्या तोंडून ऐकतो.

ट्रक आला तो पुणे-बंगळूर रस्त्याच्या बळावर. आमच्या पिढीने यास चार नंबरचा हमरस्ता म्हटले. सांप्रत त्याचा क्रमांक 48 आहे, आणि सुवर्ण चतुष्कोन योजनेत तो चौपदरी झाला. निपाणी त्याच्यावर आहे, सदलगा आत आहे. हे तीस किलोमीटरांचे अंतर नकाशात दिसत नाही, भाड्यात दिसते. मोठा सोळा चाकी ट्रक गावात वळत नाही. निपाणीस माल उतरवून लहान गाडीने आणावा लागतो. दोनदा हमाली, दोनदा तोलाई, एकदा जास्तीचे भाडे. गिऱ्हाईक म्हणते, निपाणीत तांदूळ किलोमागे रुपया स्वस्त का? हे त्याचे उत्तर आहे.

हा हमरस्ता बंद पडला म्हणजे काय होते, हे 1981 मध्ये पाहिले. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीजवळ रस्ता रोखून धरला. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते आंदोलन चालले आणि 6 एप्रिल रोजी गोळीबार झाला, त्यात शेतकरी मृत्युमुखी पडले. सदलग्यातून भाकरीचे गाठोडे बांधून माणसे तेथे जात होती. आम्ही व्यापारी, आमचा माल अडकलेला. परंतु ज्यांच्या तंबाखूस भाव मिळत नव्हता तेच आमचे गिऱ्हाईक होते. त्या महिन्यात पेठेतील उधारी कोणी मागितली नाही.

प्रवासी वाहतुकीचे थोडक्यात सांगतो. 1956 पूर्वी येथे मुंबई राज्याच्या महामंडळाची मोटार येई, नंतर म्हैसूरची, 1997 पासून हुबळीच्या वायव्य कर्नाटक महामंडळाची. महाराष्ट्राची लाल एस.टी. इचलकरंजीकडून येत राहिली. दोन्ही राज्यांच्या मोटारी एकाच थांब्यावर शेजारी उभ्या राहतात. भाषावादाचा भडका उडाला की प्रथम या मोटारी थांबतात. डिसेंबर 2022 मध्ये हे झाले, फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा झाले. बंगळूर-मुंबईत बसून जे भांडतात त्यांचे काही अडत नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागावर पाळीला जाणारा पोरगा, हुपरीस चांदीकामाला जाणारा कारागीर, मिरजेच्या इस्पितळात तारीख घेतलेली म्हातारी, यांचा दिवस बुडतो.

11 जून 2023 पासून कर्नाटकात स्त्रियांस सरकारी मोटारीतून मोफत प्रवास मिळू लागला. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्राने स्त्रियांस अर्धे तिकीट केले होते. आता हिशेब पाहा. सदलग्याहून चिकोडीस फुकट, निपाणीस फुकट, आणि महाराष्ट्राच्या एस.टी.ने इचलकरंजीस जाताना हद्दीपलीकडच्या टप्प्यास अर्धे भाडे. आमच्या पेठेतील पुष्कळ किरकोळ गिऱ्हाईक चिकोडी-निपाणीकडे वळले. प्रथम मला याचा रागच आला. वर्षानुवर्षे माझ्याकडून महिन्याचे धान्य नेणारी एक बाई तीन महिने दिसली नाही, म्हणून एके दिवशी वाटेत विचारले, "काय आक्का, दुकान विसरलासा व्हय?" ती हसून म्हणाली, "न्हाई अण्णा, लेकीकडं जातोय महिन्यातनं दोनदा. आदी वरसातनं एकदा जात हुतो. येताना तिथनंच आणतोय." लेक चिकोडीच्या पुढे दिलेली. तिकिटाचे पैसे नव्हते म्हणून आई वर्षात एकदा लेकीस भेटत होती, हे माझ्या लक्षात कधी आले नव्हते, आणि ती माझी बावीस वर्षांची गिऱ्हाईक होती. त्यानंतर या योजनेविषयी पेठेत तक्रार निघाली की मी गप्प बसतो.

नाक्यांचे एक बरे झाले. कर्नाटकाने 1979 मध्ये जकात उठविली. महाराष्ट्रातील नगरपालिकांची ती 1999 पर्यंत चालली. त्यानंतरही विक्रीकराचे नाके होते. रात्री रांगेत उभे राहून सकाळी कागदावर शिक्का मिळवायचा, आणि तो मिळविण्याच्या रीती सर्व व्यापाऱ्यांस ठाऊक आहेत. 1 जुलै 2017 रोजी नवी करपद्धती आली आणि विक्रीकराचे नाके गेले. नव्या कराविषयी माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत. मॅट्रिक माणसास संगणकावर विवरणपत्र भरणे म्हणजे पोरांच्या तोंडाकडे पाहणे आले. परंतु हद्दीवर थांबलेल्या गाडीचे दुःख ज्याने भोगले तो हा एक लाभ नाकारणार नाही. हद्द पुन्हा आठवली ती 2020 च्या टाळेबंदीत. कोगनोळीच्या नाक्यावर तपासणी, आडवाटांवर अडथळे; नदीपलीकडच्या पाहुण्याच्या अंत्यविधीस जाता आले नाही अशी घरे गावात आहेत.

सर्वांत मोठा घाव पाण्यानेच घातला. 2005 चा पूर आम्ही पाहिला होता आणि त्याहून मोठा येणार नाही अशी समजूत करून घेतली होती. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा, दूधगंगा एकदम भरल्या. हमरस्ता कोल्हापूरजवळ शिरोलीस आणि निपाणीजवळ यमगर्णीस पाण्याखाली गेला. सुमारे आठवडाभर मालट्रकांच्या रांगा उभ्या होत्या. माझी गंगावतीच्या तांदळाची गाडी संकेश्वरच्या अलीकडे पाच दिवस अडकून होती. ते नशीब म्हणावयाचे. कारण ती वेळेवर आली असती तर तोही तांदूळ वखारीत भिजला असता. वखारीत एकशे चाळीस पोती होती. खालच्या तीन थरांत पाणी शिरले. ज्यांनी हा धंदा केला नाही त्यांस वाटते, खालची पोती भिजली, वरची वाचली. तसे होत नाही. खालचे धान्य फुगते, पोते फाटते, थप्पी कलते, आणि वरचा कोरडा माल पाण्यात कोसळतो. चौथ्या दिवशी दार उघडले तेव्हा कुबट वास आला तो अजून नाकात आहे. विमा होता. परंतु विम्याच्या माणसाने पुराची तारीख आणि मालाच्या पावतीची तारीख यांत असे काही अंतर काढले की निम्म्याहून कमी रक्कम हाती आली.

जुलै 2021 मध्ये पुन्हा पाणी आले. मधल्या काळात मी वखारीची जमीन तीन फूट उंच करून घेतली होती. पाणी उंबऱ्याखाली दोन बोटांवर येऊन थांबले. रात्रभर मी आणि हमाल कंदील घेऊन पायरीवर बसलो होतो.

दूधगंगेवर वरच्या अंगास काळम्मावाडीचे धरण आहे. ते महाराष्ट्र व कर्नाटक यांचे संयुक्त काम, आणि त्याच्या पाण्यात आमच्या राज्याचाही वाटा आहे. उन्हाळ्यात पाणी कधी सुटणार आणि पावसाळ्यात किती सुटणार, या दोन्ही प्रश्नांवर आमचा जीव टांगलेला असतो. मलिकवाड-दत्तवाडसारखे ठेंगणे पूल वर्षानुवर्षे पहिल्या मोठ्या पावसातच पाण्याखाली जात आले आहेत. पूल बुडाला की दहा मिनिटांच्या वाटेस तासाभराचा वळसा पडतो, दुधाचे कॅन परत येतात आणि शाळेची पोरे घरी बसतात. असले पूल एक राज्य एका बाजूने बांधते, दुसरे दुसऱ्या बाजूने. जोडरस्त्याचे कोणी करायचे यावर पत्रव्यवहार चालतो. आपल्या असोसिएशनमध्ये दोन्ही राज्यांचे सभासद आहेत. कोणत्या पुलावर वर्षात किती दिवस वाहतूक बंद राहते आणि त्यामुळे किती क्विंटल माल अडतो, याचा एक तक्ता सभासदांनी आपापल्या खतावणीवरून भरून दिला तर दोन्ही सरकारांपुढे ठेवण्यास काही तरी हाती राहील. अर्जात भावना पुष्कळ असतात, आकडे नसतात. हा माझा अनुभव आहे. मी माझ्या पेढीचे 2019 पासूनचे आकडे काढून ठेवले आहेत आणि ते मागेल त्यास देईन.

गळीत हंगामाचे एक सांगावयाचे राहिले. दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा कारखाना आणि आसपासचे इतर कारखाने चालू असतात, तेव्हा सदलग्याचे सर्व रस्ते उसाचे असतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, गाणे मोठ्याने लावलेले. रात्री अंधारात उभ्या ट्रॉलीवर मोटरसायकल जाऊन धडकते आणि घरातला कर्ता मुलगा जातो. असे एकही वर्ष जात नाही. लाल चकाकणारी पट्टी लावण्यास शंभर-दोनशे रुपये लागतात. गेल्या दोन हंगामांत आमच्या पेठेतील चार दुकानदारांनी वर्गणी काढून त्या पट्ट्या आणल्या आणि दुकानापुढून जाणाऱ्या ट्रॉल्यांना हमालांकडून लावून घेतल्या. ट्रॅक्टरवाले आधी हसत. आता थांबून मागून घेतात.

मुलगा पुण्यास नोकरीस होता, टाळेबंदीत परत आला आणि दुकानात रमला. त्याचे म्हणणे, वखार निपाणीस हमरस्त्यावर न्यावी. तेथे मोठी गाडी थेट लागेल, पुराचे भय नाही, दोनदा हमाली नाही. हिशेब त्याने मांडून दाखविला आणि हिशेब बरोबर आहे. रस्त्यालगतची अठरा गुंठे जागा पाहून ठेवली आहे, विसाराची रक्कमही दिली आहे. खरेदीखत मात्र मी दोनदा पुढे ढकलले. वखार गेली तर दुकानात सहा हमालांपैकी दोघांचेच काम राहील. चौघे याच गल्लीतले, त्यांतील दोघांचे बाप अण्णांच्या वेळी शंभर किलोची पोती उचलत होते. मुलगा म्हणतो, त्यांस निपाणीस घेऊन जाऊ, मोटार आहे. हमालांना विचारले तेव्हा त्यांतील वडीलधारा म्हणाला, "सावकार, पयली गाडी किती वाजता हाय?" सव्वासहाची आहे, असे मी सांगितले. निपाणीस माल पाच वाजता उतरतो. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी खरेदीखताची तारीख पुन्हा धरली आहे, आणि त्या आधी पहाटेची एक मोटार सुरू करावी म्हणून डेपोकडे अर्ज दिला आहे. अर्जावर गल्लीतील एकोणचाळीस माणसांच्या सह्या आहेत, त्यांत अकरा स्त्रियांच्या.